खिडकीखालची इस्त्री

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी दोघी बोलत होत्या.

"तुमच्या धाकट्याची छाती आता वाजत नाही हो. मागे केवढी धाप लागायची त्याला."

"इस्त्रीवाल्या काकांचे उपकार. आमच्या खिडकीखालीच कोळसे पेटवायचे. याचे हाल पाहिले आणि आपणहून टपरी गल्लीच्या टोकाला नेली."

"आणि गिऱ्हाईक?"

"निम्मं तुटलं. मी हात जोडले, तर म्हणतात, कपडे चुरगळलेले चालतात, पोरगं धापा टाकताना बघवत नाही."

"मग आज पोराला कशाला आणलंत?"

"त्याला काही झालेलं नाही. काकांना दाखवायचंय. जन्मभर तोच धूर गिळलाय, रात्रंदिवस खोकतात. माझं ऐकेनात. शेवटी यानं बोट धरून ओढत आणलं. ते बघा दारात, अजून सोडलेलं नाही."