बाची भरमार

ऐका रे पोट्टेहो. अन् तू सोमारी, अशी इकडे सरकून बस, मागं अंधार हाय. भेत नाही म्हनतेस? बरं, पाहू.

मी तवा पंचवीस वर्साचा. घरात बाची भरमार होती. भरमार म्हंजे जुनी बंदूक, नळीत दारू ठासायची, वरून छर्रे, मंग बार. बा मेला तशी ती माझ्याकडे आली. परवाना? अरे, आमच्या किती पिढ्या पारध करत आल्या, कोनी कागद मागितला नव्हता. मंग कायदे आले. चितळ मारलं का केस, भरमार सापडली का दुसरी केस. ठान्यातून निरोप आला, उद्या दुपारपर्यंत बंदूक जमा करा, केस होनार नाही. त्यानंतर घराघरात झडती. बायको पोटुशी होती. मी तुरुंगात गेलो असतो तं तिले कोन पाहनार होतं?

दिवसा बंदूक घेऊन निघालं का फारेस्टवाले वाटेतच धरतीन. म्हनून रातीच निघालो, वाकडनाल्याच्या वाटेनं. वाघाच्या भेवानं बंदूक भरूनच घेतली.

निघालो, पन द्यायचं मन होत नव्हतं. बाची वस्तू ना ती!

नाल्याच्या अलीकडे मागं पानं वाजली. थांबलो, तं थांबली. चाललो, तं वाजली. मंग खोकला. ऐका, खोकला बाचा! तमाखूचा वास बी त्याचाच. अन् बंदूक अशी जड झाली, खांदा मोडते का काय!

"बाबू," मागून आवाज आला, "माझी बंदूक देऊन रायला तू?"

रडूच आलं मले. मागं पाह्यलं नाही. म्हनलं, "काय करू बा? कायदा हाय."

"देजो. पन एक बार काढ. शेवटचा."

अन् समोर नाल्यात सांबर! हे एवढं! मान खाली घालून पानी पिऊन रायलं. हात आपसूक वर गेले. बोट घोड्यावर. मनात म्हनलं, साऱ्या गावाले वाटा होईल, बायकोले कलेजी होईल...

"मार!"

"बा, ते पानी पिऊन रायलं."

"पिऊ दे. मार!"

अंगावर सर्रकन काटा आला. अरे, पान्याले तोंड लावलेलं जनावर माझ्या बानं जन्मात मारलं नाही! लहानपनी पान्यावरच्या होला पाखरावर मी गलोल तानली होती, तं बानं कानाखाली वाजवली होती. हा बा नाही. हा बा नाही!

नळी आभाळाकडे केली अन् बोंबललो, "कोन हाय बे तू?"

सांबरानं मान उचलली. सांबर कुठलं! खाकी कपड्यातला मानूस, ओंजळीत पानी. फारेस्टचा गार्ड चिन्ना मडावी, आपल्यातलाच. म्हनला, "माझी मेलेली माय हाक मारून रायली रे. पानी पे म्हनते."

मंग काय! गार्ड कोनता अन् चोर कोनता! हातात हात घालून पळालो दोघं. मागं हाक चालूच, एकदा बाच्या आवाजात, एकदा त्याच्या मायच्या. ठान्याचा दिवा दिसेपर्यंत सोडलं नाही आम्हाले.

बंदूक जमा झाली. केस झाली नाही. चिन्नानं कोनाले सांगितलं नाही, मी बी नाही.

त्या वाटेनं जाऊ नका रे. दिवसाही नाही. हसू नको सोमारी. मी वाचलो, चिन्ना वाचला, पन माझा बा त्या राती दुसऱ्यांदा मेला. त्याले आठवाले बसलो का कानात तोच आवाज येते, मार म्हननारा. खरा बा कसा बोलत होता, ते मले आता आठवतच नाही.