पाव वर्ग अधिक एक

...नाही, मी म्हणतो, परक्यानं दगा दिला तर माणूस समजू शकतो हो, पण चौथीच्या पोरांनी? तुम्हाला सांगतो, वर्गात बत्तीस डोकी, अपूर्णांकात सगळी गार, म्हणून मोठ्या सरांनी माझ्या मदतीला गणिताच्या तज्ज्ञ मॅडम धाडल्या. मदतीला हं! त्या आल्या रंगीत कागदांच्या चकत्या घेऊन, खडू माझ्या हातातून काढला, गोड हसल्या, "सर, तुम्ही जरा बसा ना!" आणि मी? मी मागच्या बाकावर! पोराटोरांचं बाक ते, गुडघे हनुवटीला!

पोरं काय खूश! चकत्या कापतायत, पाव काय, पाऊण काय... तोंडाला फेस येईस्तोवर मी शिकवत होतो, तेव्हा जांभया देणारी हीच ती! बरं, मोठ्या सरांची अट अशी, की चाचणीत पाऊण वर्ग पास झाला की मॅडम दुसऱ्या शाळेत. आणि वर्षअखेरपर्यंत नाहीच झाला, तर मी पहिलीला, मुळाक्षरं गिरवून घ्यायला!

झाली चाचणी. अर्धा अधिक एक तृतीयांश किती? नऊ जणांनी लिहिलं, दोन पंचमांश! अहो, अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्याहून कमी? पुन्हा शिकवणी, पुन्हा चाचणी, पुन्हा नऊ नापास. पण वेगळेच नऊ! गेल्या वेळचे सगळे पास! मॅडम हळहळल्या, "अगंबाई, मला अजून यावं लागणार!" पोरांनी टाळ्या पिटल्या. आणि मी? मागच्या बाकावर!

मग परवा मधल्या सुट्टीत चकत्यांचे तुकडे वेचायला मी टेबलाखाली शिरलो, तर वर कोण बोलतंय? माझी सख्खी भाची! घरी मामा मामा करत पाठीवर चढणारी! "हे बघ, बत्तिसाचा पाऊण चोवीस. चोवीस पास झाले की मॅडम गेल्या. म्हणून पाव वर्ग चुकून भागत नाही, पाव अधिक एक! उद्या तुझी पाळी. वरचे अंक वरच्यांत मिळव, खालचे खालच्यांत, म्हणजे खरंच चुकल्यासारखं वाटतं."

ताडकन उठलो, तर टेबल डोक्याला! "कार्टे, हे शिकवलं कुणी?"

"तुम्हीच, मामा... म्हणजे सर. मॅडम यायच्या आधी. येत होतं सगळं, भीतीनं सांगता यायचं नाही."

"मग मी का नको?"

"चुकलं की तुम्ही ओरडता. मॅडम म्हणतात, वा, कसं चुकलीस ते दाखव!"

आज मोठ्या सरांनी बोलावलं. "पोरांचं घोडं अडतंय कुठं?" आता काय सांगू? पोरांना अपूर्णांक चोख येतात, मीच शिकवलेत, पण त्यांना मी नकोय, असं? सांगा ना! खाली बघून म्हणालो, "माझंच शिकवणं कमी पडतंय, सर."

"मग पहिलीच बरी तुम्हाला."

बरीच आहे हो... तिथल्या पोरांना अजून मोजताच येत नाही!