मधलं बूच

चिनात्सु : पप्पा, जरा लांब हो ना. आल्यापासून आजोबांच्या डोक्यावर उभा आहेस.

योशिहारु : मी कुठे काय करतोय? नुसता बघतोय. कुणी हात लावायचा नाही, कुणी काही सुचवायचं नाही. मी नाही ठरवलं हे. नव्या वर्षाच्या जेवणाला सगळे नातेवाईक बसलेले असताना कोण बोललं? बाबा, कोण बोललं?

तोकुजी : मी बोललो. ओरडू नकोस. ट्रॅक्टरखाली आहे मी, थडग्याखाली नाही.

योशिहारु : काय बोललात?

तोकुजी : ज्या दिवशी मला माझ्या ट्रॅक्टरचं तेल बदलता येणार नाही त्या दिवशी ट्रॅक्टर न्या, भाताचे वाफे न्या, आणि मला त्या म्हाताऱ्यांच्या कोंडवाड्यात नेऊन टाका. झालं समाधान?

योशिहारु : कोंडवाडा नाही तो. तिसऱ्या मजल्यावर खोली आहे. खिडकीतून नदी दिसते.

तोकुजी : नदी मला इथून फुकटात दिसते. चिनात्सु, ते घमेलं सरकव इकडे.

योशिहारु : ती हात लावणार नाही.

तोकुजी : नको लावू दे. बाईंच्या अंगावर डबा फेकून शाळा सोडून आलेली पोरगी. हिने घमेलं दिलं तरी ते उलटंच येणार.

चिनात्सु : मी तुमची बाजू घेत होते आत्ता! आत्ता! दोन मिनिटं पण नाही झाली.

तोकुजी : मागितली होती का?

योशिहारु : दुपारी शेतकरी मंडळाची माणसं येणारेत. तोपर्यंत तेल भरून, मागचा माती उकरायचा रोटर वरखाली करून दाखवायचा. नाहीतर किल्ली त्यांच्या हातात.

तोकुजी : दाखवतो. इंजिन तापवून ठेवलंय, म्हणजे तेल पातळ होऊन सगळं बाहेर येतं. रोटर जमिनीवर टेकवलाय. चाकांना ओंडके लावलेत. आता बघ, हे मधलं बूच काढलं. सगळे इथेच थांबतात. तो तुमचा गिमिया गावातला शिकलेला मेकॅनिकसुद्धा. मागच्या दोन्ही चाकांपाशी एकेक बूच असतं ते कोण काढणार? ते काढलं नाही तर जुनं तेल आतच बसून राहतं, जावयासारखं.

चिनात्सु : ई! हे काय आलं? तांदूळ धुतलेलं पाणी?

तोकुजी : शाबास. डोळे तरी चालतात तुझे. तेलात पाणी शिरलंय. का शिरलं, विचार तुझ्या बापाला.

योशिहारु : मला काय विचारायचंय?

तोकुजी : हिवाळ्यात आलास तेव्हा तुझी गाडी शेडमध्ये आणि माझा ट्रॅक्टर बर्फात. गिअरच्या दांड्याचं रबर फाटलंय, तिथून वितळून सगळं आत. याच तेलावर गिअर, याच तेलावर रोटर उचलायचा, ब्रेकपण याच तेलात. तुझ्या आईला मी तू लहान असतानाच सांगितलं होतं, या पोराला ऑफिसात बसव, याच्या हाताला काही कळत नाही.

योशिहारु : हो. रोज सांगायचात. माझ्यासमोर.

तोकुजी : मग कुणासमोर सांगू? ही तिन्ही बुचं या चिंधीवर ठेवतोय. हात लावाल तर बोटं मोडीन. आतली जाळी धुवायला रॉकेल लागेल, ते घरात राहिलं.

(तोकुजी घराकडे जातो.)

चिनात्सु : ठेव ते.

योशिहारु : काय?

चिनात्सु : मधलं बूच. चिंधीवर तीन होती, आता दोन आहेत, आणि तुझा हात खिशात आहे.

योशिहारु : कोइदेकाका आठवतात? गेल्या लावणीला बांधावरून ट्रॅक्टर उलटला, सरळ खालच्या वाफ्यात. काकूंना नुसते बूट दिसले. या म्हाताऱ्याचं तसं झालेलं मला बघायचं नाहीये.

चिनात्सु : मग हे तोंडावर सांग ना.

योशिहारु : सांगून सांगून थकलो. ऐकलं कधी?

चिनात्सु : म्हणून चोरायचं? शोधून शोधून वेडे होतील ते.

योशिहारु : होऊ दे की. मी सात वर्षांचा होतो. याला तेल बदलायला मदत करत होतो, आणि एक वॉशर दिसेना. म्हणाला, तूच पाडलंस. बाहेर बर्फ पडत होता. याने मला हातात कंदील देऊन बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. सापडलं की ये म्हणाला.

चिनात्सु : सापडलं?

योशिहारु : त्याच्या खिशात होतं. जेवताना काढून दाखवलं, हसत. म्हणे, आता जन्मात काही हरवणार नाहीस.

चिनात्सु : मग कोइदेकाकांना कशाला आणलंस मधे? सरळ सांग ना, सूड घेतोय.

योशिहारु : दोन्ही खरं आहे. आणि तुला नाही सुटायचंय इथून? म्हाताऱ्याला सोबत म्हणून तुला इथे ठेवलंय. म्हातारा गेला की तू मोकळी.

चिनात्सु : मला नको पटवूस. ते आले की सांगणार मी.

योशिहारु : सांग.

तोकुजी : (परत येत) काय सांगणार? कुणी हात लावलाय इथे? दोनच आहेत. मधलं कुठाय?

योशिहारु : आम्ही इथेच होतो, बाबा.

तोकुजी : तुला नाही विचारत. तुझ्यात तेवढी हिंमत नाही. ए पोरी, इकडे ये. मूठ उघड.

चिनात्सु : माझ्याकडे नाहीये.

तोकुजी : खिसे दाखव. शाळेतून खरं कशासाठी काढलं तुला? चोरी केलीस ना? आईवर गेलीयेस. तीपण अशीच सरळ तोंड करून उभी राहायची, आणि एक दिवस पोर टाकून पळाली. मागे वळून बघितलं नाही रांडेने.

चिनात्सु : तुम्हीच नेलंत.

तोकुजी : काय?

चिनात्सु : बूच. घरात गेलात तेव्हा तुमच्या हातात होतं.

तोकुजी : खोटं.

चिनात्सु : मी हाकपण मारली. म्हटलं, आजोबा, बूच ठेवून जा. तुम्ही हो हो म्हणालात आणि तसेच गेलात.

तोकुजी : मी हो म्हणालो?

चिनात्सु : दोनदा.

तोकुजी : योशिहारु, तू ऐकलंस?

योशिहारु : ऐकलं.

तोकुजी : थांबा. थांबा इथेच. आलो.

चिनात्सु : पप्पा, गेले बघ परत. चपला पण न घालता.

योशिहारु : तू तर माझ्यापेक्षा वरचढ निघालीस.

चिनात्सु : राग आला मला. आईवरून बोलले ना ते. आता बास. बूच ठेव खाली आणि सांग त्यांना.

योशिहारु : मी काय सांगू? मी तर खिशात घालून गप्प होतो. हातात बघितलं ते तू. हाक मारलीस ती तू. जा, सांग तूच.

चिनात्सु : नालायक आहेस.

योशिहारु : घराणंच तसं आहे. गप्प, आला.

तोकुजी : मोरीत नाही. रॉकेलच्या डब्यामागे नाही. तांदळाच्या पिंपातपण हात घालून बघितला.

चिनात्सु : पिंपात कशाला?

तोकुजी : हातात होतं म्हणालीस ना? मग हात जिथे जिथे गेला असेल तिथे बघायला नको?

चिनात्सु : तुम्ही तांदूळ काढले होते?

तोकुजी : तेच आठवत नाहीये.

योशिहारु : माणसं येतीलच आता.

तोकुजी : येऊ देत. लाकडाची खुंटी तासून ठोकली तर तेल राहील. अडणार नाही तेवढ्याने.

योशिहारु : खुंटीवर ट्रॅक्टर बांधावर नेणार? निघाली तर ब्रेकसुद्धा राहणार नाही.

तोकुजी : नाही नेणार. खुंटीचा प्रश्नच नाही रे. हातातली वस्तू हातात आहे हे ज्याला कळलं नाही, त्याला पाय कुठल्या ब्रेकवर आहे ते कळेल का? किल्ली लावलेलीच आहे. दे त्यांना.

चिनात्सु : आजोबा, ऐका, ते बूच...

तोकुजी : राहू दे बूच. तुला एक विचारायचंय. मगाशी मी तुझ्या आईवरून काहीतरी बोललो. बोललो ना? का तेही मला उगाच वाटतंय?

चिनात्सु : बोललात.

तोकुजी : वाईट बोललो?

चिनात्सु : हो.

तोकुजी : म्हणजे तेवढं बरोबर आठवलं. चिडू नकोस. म्हाताऱ्याचं तोंड आहे.

योशिहारु : बाबा, गाडी आली त्यांची. उठा, हात पुसा.

चिनात्सु : आजोबा, माझं ऐका तरी!

तोकुजी : हळू बोल, लोकांपुढे नको. तू मला एवढंच कर. उद्या सकाळी उठलो की मला तुझ्या आजीचं नाव विचार. आणि चुकीचं सांगितलं तर याला सांगू नकोस.