उत्तर दोघांचं एकच

सन्माननीय अध्यक्ष बाबूरावजी, मंचावरचे प्राचार्य महोदय, आज ज्यांना निरोप द्यायचा त्या निवेदिता मॅडम, पालक, सहकारी आणि विद्यार्थी मित्रांनो, सगळ्यांना या गुरुलिंग मास्तरचा नमस्कार.

मॅडमची बदली आपल्या संस्थेच्या तुळजापूरच्या शाखेत झाली. वाईट वाटलं का? खरं सांगू? मला लई बरं वाटलं. हसू नका! बेंबळीत फिजिक्स म्हणजे गुरुलिंग सर, असं इतकी वर्षं होतं. मॅडम आल्या अन् बारावी त्यांच्याकडं गेली. तेही गिळलं. पण माझी पोरगी ज्ञानेश्वरी त्यांच्याच वर्गात, घरात उठता-बसता "मॅडम म्हणतात". हे कसं गिळायचं?

एकदा गणित होतं. तिरप्या गुळगुळीत फळीवरून पोतं घसरतं. पुढं खरबरीत जमिनीवर किती लांब जाऊन थांबेल? मी रीतसर निघालो. बल काढलं, त्वरण काढलं, फळीच्या टोकाचा वेग काढला, मग घर्षण. पान भरलं. पोरीनं तीन ओळींत संपवलं: उंचीमुळं मिळालेली ऊर्जा घर्षणानं सगळी खाल्ली, की पोतं थांबलं. उत्तर दोघांचं एकच!

म्हणाली, "बाबा, बरोबर आहे तुमचं. पण बेंबळीहून धाराशिवला तुम्ही लातूरवरून वळसा घालून गेलात."

"असं मॅडम म्हणतात का?"

"न्हाई, हे माझं. मॅडम म्हणतात, बाबांची रीतबी शिकून घे. किती वेळात थांबलं विचारलं, तर तीच लागती."

झालं! बाईंना नावं ठेवायचीही सोय राहिली नाही. त्या रात्री मी जेवलो नाही.

अध्यक्षमहाराज, दोनच मिनिटं. बदली झाली तेव्हा वाटलं, आता तरी पोरगी वही घेऊन माझ्याकडं येईल. काल आली. विचारते काय, "बाबा, रविवारी तुळजापूरची एसटी कधी असती?" अन् तिच्या आईनं आज मॅडमसाठी धपाटे दिलेत, दह्यासकट. मला नुसतेच.

जळतो मी, मॅडम. शाल देतानाही जळत होतो. आपण शांतपणे ऐकलंत, आभार. तोंडून काही वाकडं गेलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला.

फक्त एक विनंती. रविवारी ज्ञानेश्वरी आली, की एखादं गणित मुद्दाम न सोडवता ठेवा. म्हणा, "हे घरी जाऊन बाबांना विचार." लातूरवरून का होईना, मी पोचवीन तिला.