गिऱ्ह्याच्या हाती बांबू

ऐका. ए, कुजबुज बंद करा तिकडे! तेव्हा रस्ते नव्हते. मुंबईचा माल बाणकोटला उतरायचा आणि पडावांतून, म्हणजे मोठ्या होड्यांतून, खाडीनं वर दासगावला यायचा. भरतीबरोबर निघायचं, ओहोटी लागायच्या आत पोचायचं.

तर धाकू तांडेल अंधार पडल्यावर बाणकोटहून निघाला. एकटाच! जोडीदाराला ताप भरलेला. थांबावं, तर पडावात साखरेची पोती, शालू आणि मंगळसूत्र. सकाळी दासगावला त्याच्या येसूचं लग्न. थांबेल का बाप?

अर्ध्या वाटेत पडाव थांबला. गाळ नाही, खडक नाही. पडाव रेटायचा बांबू घातला तर तळच लागेना! मग नाळेवर, पुढच्या टोकाला, कुणीतरी बसलं. पडाव असा जड झाला, की पाणी काठाला लागलं. बघतो तर ओली दाढी, पाय उलटे. गिऱ्हा! खाडीत बुडालेल्या खलाशाचं भूत. बरं, गप्प बसेल तर गिऱ्हा कसला? साखरेची पोती ओढून मांडीवर घेऊ लागला. तेवढ्यात ओहोटी लागली. पडाव मागं चालला, समुद्राकडे. धाकू अंग चोरून मागं सरकला.

मग गिऱ्ह्याचा हात गेला मंगळसूत्राच्या पुडीकडे, आणि धाकूची भीतीच पळाली. खाडीचा रिवाज होता बरं का, पडावात बसायचं तर आळीपाळीनं बांबू मारायचा, मग तो जावई का असेना. धाकूनं बांबू त्याच्या छातीला टेकवला.

"फुकट बसायचं नाय. आता तू मार."

गिऱ्हा गोंधळला. पण खलाशीच तो! बांबू धरला नि हात शिवशिवले. त्याला लागला तळ. मारला रेटा. ओहोटीच्या उलट पडाव असा सुटला, की धाकू पोत्यांवर आडवा! गिऱ्हा खूश. किती वर्षांनी काम मिळालेलं, गाऊच लागला की.

दासगावचे दिवे दिसले, तरी थांबेना!

"आता दुसरी खेप," म्हणाला, आणि पडाव वळवला खोल पाण्याकडे.

धाकूनं धक्क्यावर दोर फेकला. चुकला. पुन्हा फेकला. अडकला खांबाला! दोर बांधला की खेप संपली, हे गिऱ्ह्यालाही ठाऊक. त्यानं बांबू नीट आडवा ठेवला, नि गडप.

लग्न थाटात झालं. धाकूनं गिऱ्ह्यासाठी जेवणाचं एक भरलं पान खाडीत सोडलं. हसता काय! येसू म्हणजे माझी आई. ती खेप पोचली नसती, तर हे सांगायला मी असतो कुठून?

पण रात्री त्या वाटेनं जाऊ नका, पोरांनो. आता माल ट्रकनं येतो, गिऱ्हा रिकामाच बसलाय. बांबू हाती लागला, तर या खेपेला सोडायचा नाही.