बारा नंबरचं ऊन

...आणि वर मला म्हणतो, "आभार मानू नकोस, रागवेन!" आता बोला! मी आभार मानतच नव्हतो हो, मी नुसता शिडी धरून उभा होतो. शिडी त्याची, पन्हळ माझ्या छपराची, आणि रविवार... रविवार बिचारा दोघांचा! न सांगता-सवरता सकाळी सातला दारात हजर. "तुझी पन्हळ गळते रे, काल पावसात आवाज ऐकला." मी तोंडाला दाढीचा साबण फासून उभा! चौदा वर्षं झाली, हा शेजारी माझे नळ दुरुस्त करतोय, माझी दारं तासतोय, माझ्या मुलीच्या सायकलची साखळी बसवतोय... तुम्ही म्हणाल, मग तक्रार कसली? असा शेजारी मिळायला नशीब लागतं! तेच तर सांगतोय. माणूस चांगला आहे हो, तोच तर सगळा त्रास आहे!

तुम्हाला पहिल्यापासूनच सांगतो, नाहीतर मला कृतघ्न म्हणाल... म्हणजे मी आहेच, पण कारण तरी कळू दे. लढाई संपली तेव्हा कारखान्यातले निम्मे लोक पत्र्याच्या बराकीत राहायचो. मी टर्नर, तो फिटर. दोन संसारांच्या मधे भिंत म्हणून एक घोंगडी टांगलेली! पलीकडे त्याच्या बायकोला शिंक आली की अलीकडून आमची ही विचारायची, "सर्दी झाली का हो?" त्यात तिथल्या ओलीनं वहिनींना खोकला जडला, तो जाईचना. आणि एक दिवस नोटीस लागली : कामगारांसाठी नवी घरं! एकाला एक चिकटलेली, सगळी सारखी, त्याच दोन खोल्या, तोच जिना, तेच हिरवं दार. वाटप कसं? तर नोकरीच्या वर्षांप्रमाणे यादी, मैदानात टेबल, टेबलावर नकाशा, नंबर पुकारला की पुढे जायचं आणि पसंतीच्या घरावर बोट ठेवायचं. अहो, बोट! एका बोटावर जन्माचं घर!

फिटरचा नंबर सातवा, माझा एकोणिसावा. आणि नेमका त्याच आठवड्यात त्याच्या पायावर लोखंडी ठोकळा पडला, पाय प्लास्टरमध्ये. मला म्हणाला, "माझंही बोट तूच ठेव रे. बारा नंबर बघ. कोपऱ्याचं आहे, बाजूला पूर्वेची खिडकी आहे. डॉक्टर म्हणाले, हिला सकाळचं ऊन मिळालं तर छाती सुधारेल." मी हो म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो, तुमची शपथ!

सात नंबर पुकारला. गेलो. बारा नंबर रिकामं. बोट पुढे केलं... आणि काय सांगू... बोट अकरावर टेकलं! बाराच्या त्या खिडकीत मला आमची ही दिसली हो, केस वाळवत बसलेली. कारकून नाकातून म्हणाला, "न्नक्की?" मी म्हटलं, "नक्की." मग रांगेत परत. मधे अकरा माणसं! प्रत्येकाच्या वेळी मी मनात म्हणतोय, घे बाबा, तू घे बारा, मला सोडव यातून! एकानं घेतलं नाही. एकाला फाटकाजवळ हवं, एकाला मेव्हण्याशेजारी हवं, एक शहाणा म्हणतो, "कोपऱ्यावर कुत्री फार येतात." शेवटी एकोणीस पुकारला. आणि या खेपेला बोट कसं सरळ गेलं!

फिटरला काय सांगितलं? म्हटलं, "तुझ्या वेळी बारावर कुणाची तरी खूण होती, मागाहून त्यानं सोडलं, म्हटलं परक्याला जाण्यापेक्षा आपण घ्यावं." इतकं भिकार खोटं माझ्या तेव्हा सहा वर्षांच्या असलेल्या मुलीलाही पटलं नसतं! आणि हा माझा हात हातात घेऊन म्हणतो, "बरं केलंस गड्या, शेजार तर टिकला!" माणूस चांगला आहे हो, तोच तर...

मग काय, घोंगडीच्या जागी विटांची भिंत आली, एवढाच फरक. मी सकाळी उन्हात बसतो, चहाचा पहिला घोट घेतो... पलीकडून खोकला. पेपर उघडतो... खोकला. पान उलटतो... खोकला! आमची ही म्हणते, "किती वेळा म्हटलं त्यांना, आमच्याकडे उन्हात येऊन बसा, येतच नाहीत. मानी आहेत बाई." आणि मी मनाला काय समजावत होतो? भाड्याचं तर घर आहे! आज ना उद्या अदलाबदल करू. कधीतरी करूच... चौदा वर्षं चाललंय माझं 'कधीतरी'!

आणि मध्यंतरी कंपनीची चिठ्ठी आली. राहतं घर ज्याचं त्यानं विकत घ्यावं, शनिवारी सह्या. म्हणजे संपलंच की! शनिवारनंतर बारा नंबर कायमचं माझं आणि अकरा कायमचं त्यांचं. ही म्हणते, "स्वतःचं घर होतंय आणि तोंड एरंडेल प्यायल्यासारखं का?" शेवटी गुरुवारी संध्याकाळी उठलो आणि अकरात गेलो. तो चपलेला खिळा ठोकत होता, वहिनी विणत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं ओकलो. नकाशा, बोट, खूण, सगळं! म्हटलं, "शनिवारी बारावर तू सही कर, अकरावर मी करतो. मला फार लाज वाटते रे."

फिटर उठला. मला वाटलं, आता एक ठेवून देतो. बरंच वाटलं हो मला, गाल पुढे केला! तर यानं मिठीच मारली! डोळ्यांत पाणी. "हिच्या खोकल्यासाठी तू राहतं घर द्यायला निघालास? आणि आम्हाला भीड पडू नये म्हणून स्वतःवर बालंट घेऊन आलास? अरे, तुला खोटं तरी बोलता येतं का?" मी म्हटलं, "उत्तम येतं! चौदा वर्षं तेच..." "पुरे!" म्हणाला. "मी घेणार नाही." मी शपथा घेतल्या, मुलीच्या डोक्यावर हात ठेवतो म्हणालो... जितकं खरं सांगावं तितका हा जास्त रडतो! शनिवारी कचेरीत माझ्या कागदाला साक्षीदार हवा होता. कोण पुढे आला? साहेबांना म्हणतो, "असा सरळ माणूस अख्ख्या वसाहतीत नाही, साहेब!" आणि ठोकली सही! अशा माणसाला शिव्या तरी कशा घालायच्या? चांगला आहे हो, तोच तर सगळा त्रास आहे!

पण वहिनी... गुरुवारी वहिनींनी सगळं ऐकलं होतं. नुसत्या हातातल्या सुया थांबल्या होत्या.

सोमवारी माझी दुसरी पाळी. सकाळी खिडकीपाशी चहा घेत बसलोय, दार वाजलं. वहिनी! काखेत स्वतःची घडीची खुर्ची, हातात विणकाम. आमची ही खूश, "या, या, बसा!" वहिनी सरळ खिडकीपाशी आल्या. माझ्याकडे एकदा पाहिलं... राग नाही, रुसवा नाही, काही नाही, नुसतं पाहिलं... आणि म्हणाल्या, "जरा सरका, भाऊजी."

सरकलो.

तेव्हापासून रोज येतात. खोकला निम्म्यावर आलाय. ही मला विचारते, "इतकी वर्षं बोलावलं तर आल्या नाहीत, आत्ताच कशा हो यायला लागल्या?" काय सांगू? घर माझ्या नावावर आहे, कागद कपाटात आहेत, साक्षीदार तर खणखणीत आहे... आणि मी आपला चहाचा कप घेऊन रोज जिन्याखाली सावलीत बसतो!