डिकीतला दिवा

दोन हजार एकोणीस साल, ऐन हिवाळा, जानेवारीतली सकाळ, आणि गाडी मेलेली! नाही, मला एक सांगा, डिकीत दिवा हवाच कशाला? डिकीत कोण वाचत बसतं? पण नाही. कंपनीवाल्यांना वाटलं, द्यावा एक दिवा. दिला. आणि त्या दिव्यानं रात्रभर जळून माझी बॅटरी चाटून पुसून खाल्ली!

तुम्हाला सांगतो, मी सुतार. शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं रंध्यानं शिकवलं. आजवर दारं केली, खिडक्या केल्या, लोकांची कपाटं केली, पण कुणाकडे हात पसरला नाही. खिळा संपला तर उठून बाजारात गेलो, शेजाऱ्याच्या दारात गेलो नाही. कुणाचं उसनं ठेवायची आपल्याला सवय नाही.

आता त्या सकाळी होतं काय, की माझी लेक दवाखान्यात. बाळंत झालेली. मुलगी झाली तिला, म्हणजे माझी नात. दहा वाजता सोडणार होते. जावई भला माणूस, फार गोड बोलतो, "बाबा, तुम्ही कशाला त्रास घेता, मी टॅक्सी सांगतो ना..." मी म्हटलं, टॅक्सी सांगायची नाही. नात माझ्या गाडीतून घरी जाईल. का? तर ही लेक जन्मली ना माझी, तेव्हा तिला घरी आणायला माझ्याकडे सायकलसुद्धा नव्हती. एका वखारवाल्याचा टेम्पो मागून आणला, मागे फळ्या भरलेल्या, आणि त्या फळ्यांवर आमची ही, पोरीला छातीशी धरून, खड्डा आला की दोघी हवेत! आणि तो वखारवाला पुढे जन्मभर, चारचौघांत, "मिस्त्री, तुमची लेक माझ्या टेम्पोतून आली बरं का!" त्या दिवशी ठरवलं होतं. पुढचं मूल स्वतःच्या गाडीतून येईल. पुढचं मूल यायला इतकी वर्षं लागली, त्यात माझा काय दोष?

तर आदल्या संध्याकाळी मी पाळणा गाडीत घातला. सागवानी. स्वतः केलेला. चार पाय, खाली झुलायला गोल पट्ट्या, एक खिळा नाही त्यात, सगळे खाचेत बसवलेले सांधे. फक्त एक झालं... पाळणा डिकीपेक्षा चार बोटं लांब निघाला. आता पाळणा कापू? डिकीचं दार लागेना, मी दोरीनं बांधलं. मग किल्लीचं बटण दाबलं. चारही दारं टक्कन लागली आणि गाडी ओरडायला लागली. टुंई, टुंई, टुंई! म्हणजे तिचं म्हणणं, डिकी उघडी आहे. मी म्हटलं, मला माहीत आहे. ओरड. ओरडून ओरडून गप्प झाली. घरात जाऊन झोपलो. आत दिवा चालू, हे मला कोण सांगणार?

सकाळी इस्त्रीचा सदरा घातला, बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. जोरात दाबलं. दार बंद! आमची ही फाटकात उभी. "अहो, त्या बटणाच्या पोटात एक खरी किल्ली असते ना? जावयांनी दाखवली होती."

असते. पण ती मी काढून ठेवली होती. हरवू नये म्हणून.

"कुठे ठेवलीत?"

गाडीत. पुढच्या खणात.

आता हसायचं काय त्यात? किल्ली सुरक्षित राहावी म्हणूनच ठेवली होती, आणि तुम्हाला सांगतो, राहिली! मालकालासुद्धा मिळेना, इतकी सुरक्षित राहिली.

ही म्हणाली, "शेजारी मागा. कंडक्टरभाऊजींकडे सगळं असतं."

कंडक्टर! म्हणजे शेजारचा, बसमधून निवृत्त झालेला. त्याच्याशी माझं कित्येक वर्षं बोलणं बंद. कारण सांगतो. मी त्याला कपाट करून दिलं. चांगलं, शिसवी मुठीचं. महिन्यानं आला, "मिस्त्री, तुमच्या कपाटाचं दार लागत नाही हो." मी जाऊन बघितलं. म्हटलं, दार सरळ आहे, तुमची फरशी वाकडी आहे. तो म्हणतो, "फरशी? फरशी कशी वाकडी असेल?" म्हटलं, मग भिंत वाकडी असेल. तो म्हणतो, "म्हणजे माझं अख्खं घर वाकडं, आणि दार तेवढं सरळ?" म्हटलं, हो! झालं. बोलणं संपलं. तेव्हापासून त्यानं कपाटाचं दार दोरीनं बांधून ठेवलं. आणि खिडकी अशी उघडी ठेवायचा, की मला येता-जाता ती दोरी दिसावी!

आणि मी याच्या दारात जाऊ? नाही. कुणाचं उसनं ठेवायची आपल्याला सवय नाही.

मी डोकं चालवलं. दारं बंद आहेत, पण डिकी तर दोरीनंच बांधलेली! दोरी सोडली. आत पाळणा. पाळण्याच्या पलीकडे मागची सीट, तिच्या पलीकडे पुढचा खण, खणात किल्ली. सोपं. वाकलो, डोकं घातलं, हात घातले, गुडघा वर घेतला, पाळण्याच्या कठड्यावरून अलगद पलीकडे जाणार, तोच पाळणा झुलला. असा झुलला म्हणून सांगू, मलाच त्याचा अभिमान वाटला! आणि मी आत. म्हणजे गाडीत नाही, पाळण्यात! उताणा. सत्तरी ओलांडलेला माणूस, इस्त्रीचा सदरा, पाय डिकीबाहेर, आणि वर गाडीचं छत. पुढे जाता येईना, मागे येता येईना. हलावं तर पाळणा हलतो.

आणि तेवढ्यात तो आवाज. बसमधला. "काय मिस्त्री, नातीच्या आधी तुम्ही झोपून बघताय का?"

मी कठडा धरून उठायला गेलो, पाळणा परत झुलला.

"झोका देऊ?"

मग त्यानं दोरी बघितली. लोंबत होती ना! उचलली बोटांत. "मिस्त्री... दार लागत नाही वाटतं? दोरी बांधलीत? मीपण दोरीच बांधतो."

छताकडे बघत होतो मी. आमची ही फाटकाशी तोंडाला पदर लावून. मला वाटलं रडते. रडत नव्हती.

आणि मग काय व्हावं, त्यानं माझे दोन्ही पाय धरले आणि लागला ढकलायला, अगदी सवयीनं, "चला, चला, पुढे सरका, आत जागा आहे! मधे थांबू नका!" सरकलो! मागच्या सीटवर डोक्यावर पडलो, तिथून पुढे, खण उघडला, किल्ली घेतली, आतून दार उघडलं आणि बाहेर आलो. ताठ. सदऱ्याचं मात्र पोतेरं.

गाडी सुरू करायला गेलो, तर 'टिक'. नुसतं टिक. बॅटरी ठार. दवाखान्यात लेक वाट बघणार. ही म्हणाली, "सांगू का जावयांना टॅक्सीचं?" माझ्या डोळ्यांपुढे तो टेम्पो, त्या फळ्या...

कंडक्टरनं माझ्याकडे बघितलं. मी मागितलं नाही. लक्षात ठेवा, मी मागितलं नाही! तो आपला आपण घरात गेला, पिशवी घेऊन आला, पिशवीवर लिहिलेलं, 'बॅटरीच्या वायरी'. त्याच्या घरात प्रत्येक वस्तूला पिशवी आणि प्रत्येक पिशवीला नाव. स्वतःची गाडी आणून माझ्या गाडीच्या नाकाला नाक लावलं, लाल लालला, काळी काळीला, "मारा!" म्हणाला. मारलं. घर्रर्र! सुरू!

"आता अर्धा तास गाडी बंद करू नका," म्हणाला.

नाही केली! दवाखान्याच्या दारात पोहोचलो, तर तिथला वॉचमन धावत, "ओ काका, गाडी बंद करा, इथं आवाज चालत नाही!" म्हटलं, करणार नाही! "अहो, मग बाहेर घ्या!" म्हटलं, नात घेतल्याशिवाय हलणार नाही! तेवढ्यात जावई, लेक आणि ते गाठोडं आलं. गाठोड्यातून एवढीशी मूठ बाहेर. लेक म्हणाली, "बाबा, सदऱ्याला काय झालं?" म्हटलं, काही नाही, पाळणा बघितला, मजबूत आहे. नात स्वतःच्या आजोबाच्या गाडीतून घरी गेली. कुणी पुढे जन्मभर काही म्हणणार नाही...

आणि इथं मला धक्का बसला. म्हणणार! कंडक्टर म्हणणार! वखारवाला गेला, कंडक्टर आला!

त्याच संध्याकाळी बाजारातून वायरी आणल्या. चांगल्या जाड. वायरीला वायर, परतफेड जशास तशी. त्याची बॅटरी कधी ना कधी बसेलच, मी तयार. रोज सकाळी तो निघायच्या वेळेला मी खिडकीत उभा, वायरी हातात. किल्ली फिरवायचा... घर्रर्र. एका दमात. दुसऱ्या दिवशी घर्रर्र. अहो, पावसाळ्यात आशा होती, पावसाळाही गेला, घर्रर्र! शेजाऱ्याची गाडी सुरू झाली की दुःखी होणारा मी जगात एकटाच असेन. ही म्हणायची, "सोडा हो आता." कसं सोडू? कुणाचं उसनं ठेवायची आपल्याला सवय नाही. आणि माणसानं आशा सोडू नये. नात रांगायला लागली, धरून उभी राहायला लागली, बॅटरी काय, तीही एक दिवस बसेल!

पुढचा हिवाळा आला. एका संध्याकाळी बघतो तर काय, कंडक्टरच्या गाडीचे पुढचे दिवे चालू! गाडी बंद, हा घरात, दिवे भगभगतायत! ही म्हणाली, "अहो, सांगा जाऊन त्यांना." मी चप्पल घातली. काढली. परत घातली. सांगणं हे शेजारधर्माचं, कबूल... पण सांगितलं तर उसनं कसं फिटणार? चप्पल काढली. जेवण गेलं नाही. रात्रभर कूस बदलत होतो, भिंतीवर त्याच्या दिव्यांचा उजेड, तो बारीक होत होत गेला.

सकाळी त्यानं किल्ली फिरवली. टिक.

तुम्हाला सांगतो, देवळातली घंटा इतकी गोड वाजली नसेल! मी वायरी घेऊन हजर. "कंडक्टर, सरका!" लाल लालला, काळी काळीला. "मारा!" घर्रर्र! सुरू! फिटलं! छाती अशी फुगली म्हणता...

तेवढ्यात त्याची बायको चहा घेऊन बाहेर. "बरं झालं बाई एकदाचं. मिस्त्री, वर्षभर तुम्ही त्या खिडकीत ताटकळत उभे, हेच म्हणाले काल, आज दिवे चालूच ठेवतो, त्या माणसाची सुटका करू."

कंडक्टर तिच्याकडे डोळे वटारून बघतोय. मी त्याच्याकडे बघतोय. चहा गार होतोय.

म्हणजे बघा! परतफेडसुद्धा यानंच उसनी दिलेली! एकाचे दोन झाले. आता काय करायचं माणसानं?

घरी गेलो. रंधा घेतला, पेचकस घेतला. त्याच्या घरात शिरलो, कपाटासमोर बसलो. तो मागे उभा.

"फरशी वाकडी आहे ना, मिस्त्री?"

"वाकडीच आहे."

"असेल बुवा."

दोरी सोडली. बिजागरी काढली, दार मांडीवर घेतलं, खालून दोन हात रंधा मारला, परत बसवलं. ढकललं.

टक्.

लागलं.